पंखा एकवर ठेवा

कर्जत आणि खोपोलीच्या मधे कुठेतरी आमचं चर्च आहे. नक्की कुठे, ते सांगत नाही. सांगितलं तर येत्या रविवारी मागच्या बाकावरसुद्धा कोणी सरकून मला जागा देणार नाही. चर्च पत्र्याचं आहे. एप्रिल उजाडला की आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, वारा डोंगराआड दडी मारतो आणि साडेनऊच्या उपासनेला आलेली माणसं अकरापर्यंत दोन्ही बाजूंनी भाजून निघतात. आमच्या मंडळीत पंखा ही चैनीची वस्तू नाही, तारणाची बाब आहे.

पंखे सहा आहेत आणि सहाही देणगीतले. प्रत्येकाच्या तीन पात्यांवर लाल ऑइलपेंटने मजकूर आहे. पहिल्या पात्यावर 'ख्रिस्तवासी', दुसऱ्यावर नाव, तिसऱ्यावर 'यांच्या प्रेमळ स्मरणार्थ'. रंगाऱ्याने अक्षर झकास काढलंय. अडचण एवढीच, की पंखा लावला की नाव दिसत नाही आणि नाव दिसतं तेव्हा वारा लागत नाही.

मे महिन्यात एका पंख्याचं कुटुंब डोंबिवलीहून आलं. वडिलांचा स्मृतिदिन होता. मी बटणांच्या बोर्डाखालच्या बाकावर बसतो, त्यामुळे पाहुणे मला इलेक्ट्रिशियन समजतात. थोरला मुलगा जवळ आला.

"जय ख्रिस्त. तो तिसरा पंखा जरा एकवर ठेवता?"

"का हो, थंडी वाजते?"

"पप्पांचं नाव दिसत नाही. ताईला शारजाला व्हिडिओ पाठवायचाय."

मी एकवर ठेवला. पंख्याखाली महिला मंडळ बसलं होतं, त्यांच्यातून एक हात आला आणि पाचवर करून गेला. मुलाने पुन्हा एकवर केला. महिला मंडळाने पुन्हा पाचवर. दुसरं गीत संपेपर्यंत रेग्युलेटरची खुंटी सुटून माझ्या हातात आली आणि पंखा एकवर कायमचा स्थिर झाला. तेवढ्यात चौथ्या पंख्याचे वारसदार उठले. "त्यांचा एकवर, मग आमचा पाचवर का? आमच्या आईचं नाव काय रस्त्यावर पडलंय?" मग चौथाही एकवर आला. पाळकसाहेबांचा विषय त्या दिवशी नेमका श्रीमंत मनुष्य आणि लाजर हा होता. ज्वाळांत पडलेला श्रीमंत जिभेपुरतं पाणी मागतो, हा भाग समजावताना त्यांना एरवी पुष्कळ हातवारे करावे लागतात. त्या रविवारी मंडळीला तो हातवाऱ्यांशिवाय कळला.

एकदा नावं वाचायची सवय लागली की चर्चमध्ये दुसरं काही दिसत नाही. भिंतीवरच्या घड्याळात देणगीदाराचं नाव सहाच्या आकड्याच्या बरोबर वर आहे. साडेदहाला मिनिटकाटा त्याच्यावर येतो आणि देणगीदार प्रवचन सोडून काटा कधी सरकतोय ते बघत बसतात. पायरीच्या फरशीवर एका आजोबांचं नाव आहे. त्यांच्या नातवंडांना ती पायरी ओलांडून उडी मारत आत यावं लागतं, कारण आजोबांवर पाय कसा द्यायचा? प्लास्टिकच्या खुर्च्यांची नावं पाठीच्या मागल्या बाजूला आहेत. मागे बसणाऱ्याने प्रवचनभर 'सप्रेम भेट, सन २०१४' वाचत बसायचं.

हा आजार एकट्या ख्रिस्ती माणसाचा आहे असं समजू नका. आपल्या मुलखात स्टीलचा पेलासुद्धा नाव घातल्याशिवाय दुकानाबाहेर पडत नाही. देवळाच्या पायऱ्या बघा, एसटीचे थांबे बघा. स्मशानातल्या बाकड्यांवरही 'सौजन्य' लिहिलेलं असतं, म्हणजे शेवटच्या रांगेतही माणसाला कुणाचे तरी उपकार डोक्यावर घेऊनच बसावं लागतं. फरक इतकाच, की आमच्या प्रभूने या विषयावर फार स्पष्ट बोलून ठेवलंय. उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू देऊ नका, हे त्यांचं सांगणं संडे स्कूलच्या पोरालाही पाठ असतं. आमच्याकडे दानाची थैली लाल मखमलीची आहे, लाकडी दांड्याची. तिच्यावर ती देणाऱ्या बाईंचं नाव सोनेरी जरीने भरलंय. ते दोन्ही हातांना कळतं.

थैली फिरते तेव्हाचं दृश्य बघण्यासारखं असतं. ज्याच्याकडे पाचशेची नोट असते, तो थैली दोन बाकं दूर असतानाच नोट काढून तिची घडी मोडतो आणि तिनेच वारा घेतो. पंखे एकवर असतात, त्यामुळे कोणाला संशय येत नाही. ज्याच्याकडे दहाची असते, त्याचा हात थैलीत कोपरापर्यंत जातो. नोटेच्या इतक्या घड्या घातलेल्या असतात की ती दहाची आहे, की कालचं खोपोली-कर्जत तिकीट आहे, हे मोजणाऱ्यालाही उलगडून बघावं लागतं. कधीकधी ते तिकीटच निघतं.

या सगळ्यावर तरुण संघाने उपाय काढला. थैली मागासलेली, आता क्यूआर कोड लावायचा. ठराव पास झाला. कोडाबरोबर एक डबा आला. भाजीवाल्याच्या गाडीवर असतो तोच, पैसे जमा झाले की ओरडणारा. पहिल्या रविवारी दानाच्या गीतात तो पहिल्यांदा बोलला, "पन्नास रुपये प्राप्त झाले." माणसं दचकली. मग, "पाचशे एक रुपये प्राप्त झाले." सगळ्या माना मागे वळल्या. मागे एका गृहस्थाने इतक्या नम्रपणे मान खाली घातली, की कोणाचे पाचशे एक ते विचारावंच लागलं नाही. त्यामागोमाग, "एक रुपया प्राप्त झाला."

चर्चमध्ये खसखस पिकली. बिचारा सावध माणूस होता. हजार पाठवायच्या आधी पैसे बरोबर ठिकाणी जातात का, ते बघायला त्याने एक रुपया पाठवला होता. उरलेले नऊशे नव्व्याण्णव पाठवणार तोच रेंज गेली. आता त्याने चर्च बांधून दिलं तरी तो 'एक रुपयावाला' म्हणूनच ख्रिस्तवासी होणार.

पुढच्या रविवारपर्यंत मंडळीने डब्याचा अभ्यास केला होता. पाचशे एकदम पाठवले तर डबा एकदाच ओरडतो, शंभर-शंभर करून पाठवले तर पाचदा, हे गणित कोणाच्या तरी डोक्यात आलं. मग दानाचं गीत चार कडव्यांत पुरेना. त्यातून डोंगराच्या पायथ्याशी आमची रेंज लहरी. पैसे जातात दानाच्या वेळी, आणि डबा बोलतो वाटेल तेव्हा. लहान बाळाच्या समर्पणात बोलला. मौन प्रार्थनेत बोलला. उत्तम शुक्रवारी पाळकसाहेब यहूदाचा भाग वाचत होते. यहूदा मुख्य याजकांकडे जातो, काय द्याल म्हणून विचारतो, ते नाणी मोजून देतात. पाळकसाहेब परिणामासाठी क्षणभर थांबले. डबा म्हणाला, "तीस रुपये प्राप्त झाले."

ते तीस रुपये कोणाचे, हे आजतागायत कोणी कबूल केलेलं नाही.

येरुशलेमच्या मंदिरात दानाच्या तेरा पेट्या होत्या आणि त्यांची तोंडं कर्ण्याच्या आकाराची होती, असं यहुदी परंपरेत नोंदवून ठेवलंय. श्रीमंत माणसं येऊन भरपूर टाकत होती आणि प्रभू समोर बसून बघत होते. मग एक गरीब विधवा आली, तिने दोन टोल्या टाकल्या, आणि सगळ्यांत जास्त हिने टाकलं असं त्यांनी शिष्यांना बोलावून सांगितलं. पाळकसाहेबांनी हा दाखला देऊन डबा बंद करायची विनंती केली. त्यावर तरुण संघाचं म्हणणं पडलं, की प्रभूने दान देताना कर्णा वाजवायला मना केलंय, साउंडबॉक्सबद्दल शास्त्रात कुठे काही नाही. शिवाय टोल्या टाकल्याचं प्रभूंनीच जाहीर केलं ना? पाळकसाहेब सेमिनरीत पाच वर्षं शिकले आहेत. त्यांना यावर लगेच उत्तर सुचलं नाही.

पैशांचा दिखावा निदान ऐकून संपतो. प्रार्थनेचा संपत नाही. आमच्यात एक बंधू आहेत, त्यांना प्रार्थनेला उठवलं की ते देवाला बातम्या देतात. "हे दयाळू बापा, तुला ठाऊकच आहे की आम्ही मागच्या महिन्यात पनवेलला टू बीएचके घेतला. हे बापा, तो रोडटच आहे आणि कर्ज फक्त बारा लाखांचं आहे. हे बापा, तू धाकट्याला कॅनडाचा व्हिसा दिलास, पण काही लोकांच्या मुलांना तो अजून मिळालेला नाही, त्यांनाही तू..." इथे 'काही लोक' डोळे उघडतात. या प्रार्थनेचे खरे बळी खोपोलीवाले. कर्जत-खोपोली मार्ग एकेरी, गाड्या मोजक्या, एक चुकली की फलाटावर बसून दुसरीची वाट बघत राहायचं. त्यामुळे ते दाराशी एका पायावर उभं राहून, एक डोळा मिटून प्रार्थना करतात. बंधू श्वास घ्यायला थांबले की लगेच खोपोलीवाल्यांचा मोठ्याने 'आमेन' होतो. बंधूंना वाटतं, लोकांना आत्मिक स्फूर्ती येतेय. ते आणखी रंगात येतात.

हनन्या आणि सप्पीरेचा भाग आला की मात्र आमच्याकडे टाचणी पडली तरी ऐकू येते. नवरा-बायकोने जमीन विकली, काही पैसे मागे ठेवले, आणि सगळे आणलेत असं दाखवत उरलेले प्रेषितांच्या पायांशी ठेवले. दोघंही तिथल्या तिथे मरून पडले. कर्जत-खालापुरात आज जमीन विकली नाही असं घर शोधावं लागतं. जिथे भात लावायचे तिथे फार्महाऊस आलेत, आणि ज्याच्या त्याच्या गोठ्यात मोटारसायकल. गेल्या वेळी या प्रवचनानंतर जमिनीचे व्यवहार करणारे आमचे एक सभासद पाळकसाहेबांना गाठून गंभीरपणे म्हणाले, "साहेब, एक शंका. हनन्याचं साठेखत झालं होतं की खरेदीखत? कारण साठेखताच्या वेळी पूर्ण रक्कम हातात येतच नाही हो."

कापणीचा सण हा आमचा वर्षातला सर्वांत मोठा उत्सव. भात झोडून झालं की प्रत्येकाने पहिलं पीक आणायचं आणि त्याचा लिलाव करून पैसे मंडळीला. इथल्या भात संशोधन केंद्राच्या 'कर्जत' वाणांचं भात येतं, काकड्या येतात, नाचणी येते, पाय बांधलेला एखादा कोंबडा येतो आणि गीतांच्या मधे बरोबर सुरात आरवतो. खजिनदारकाका लिलाव पुकारतात. मागच्या सणाला एक लाल भोपळा आला. पहिली बोली पन्नास. मग आमच्यातल्या दोन चुलतभावांनी एकमेकांकडे पाहिलं. या दोघांची बांधावरून तहसील कचेरीत केस चालू आहे.

"शंभर!"

"दोनशे!"

"पाचशे!"

"हजार! आणि बांध माझाच आहे!"

"बांधाचं बोलू नका, भोपळ्याचं बोला," खजिनदारकाका म्हणाले.

धाकट्याने एकवीसशेला भोपळा घेतला, दोन्ही हातांनी डोक्यावर धरून मंडळीला दाखवला आणि "प्रभूच्या कार्यासाठी परत!" म्हणून वेदीपुढे ठेवला. टाळ्या. आता भोपळा परत लिलावात. थोरल्याने चोवीसशेला घेतला आणि त्यानेही परत दिला. मग धाकट्याच्या जावयाने सासऱ्याची अब्रू राखायला सव्वीसशेला घेतला. त्याचीही हिंमत तो घरी नेण्याची झाली नाही, कारण नेला तर परत न देणारा तो एकटाच ठरला असता. भोपळा वेदीजवळ राहिला आणि तिसऱ्या आठवड्यात सडला. तेव्हा त्याची कागदोपत्री किंमत एकाहत्तरशे रुपये होती. वसूल झाले होते तीनशे. उरलेले 'पुढच्या रविवारी'. खजिनदारकाकांच्या वहीत 'येणे बाकी' नावाचं पान आहे, त्यावर तीन पिढ्यांचे भोपळे आहेत.

त्याच लिलावात वाडीवरची एक आजी पदरात सहा अंडी बांधून आली होती. अंडी पुकारली तेव्हा लोक अजून भोपळ्याच्याच नादात होते. बोलीच लागेना. शेवटी आजीनेच हात वर केला. "धा रुपये." कंबरेची चंची सोडली, दहाचं नाणं काकांच्या हातावर ठेवलं आणि आपलीच अंडी परत पदरात बांधली. लिलावाचे रोख पैसे त्या दिवशी तेवढेच आले. मी बाहेर गाठून विचारलं, "आजी, आपलीच अंडी आपणच घेतलीत?"

"घरी कोंबडी खुडूक हाय रं. तिच्याखाली घालाया अंडी पायजेत, अन् देवाला बी द्यायचं व्हतं. दोन्ही झालं."

एवढं बोलून ती उन्हात चालू लागली. यात काही विशेष आहे असं तिच्या चेहऱ्यावर कुठे दिसलं नाही.

वाडीचा विषय निघालाच आहे तर ब्लँकेटांबद्दल सांगतो. कर्जत-खालापूर मुंबईपासून लोकलने दोनेक तासांवर. त्यामुळे डिसेंबर आला की कंपन्या, क्लब, कॉलेजं आणि आमच्यासारख्या मंडळ्या दर शनिवार-रविवारी ठाकूर-कातकरी वाड्यांवर ब्लँकेटं घेऊन चाल करून येतात. आमच्या मंडळीचा बॅनर दहा फुटांचा. त्यावर सगळ्या कमिटीचे फोटो, पाळकसाहेब मधोमध आणि वरच्या कोपऱ्यात प्रभू येशू, पासपोर्ट साइज. मी खालून दुसऱ्या ओळीत, उजवीकडून चौथा. बॅनर उभारल्या उभारल्या मी पहिल्यांदा तेच शोधलं, म्हणून इतक्या खात्रीने सांगतो. फोटोत देणारे नऊ आणि घेणारा एक, त्यामुळे ब्लँकेट नऊ जणांनी चिमटीत धरावं लागतं. घेणारा म्हातारा आता इतका तयार झालाय की कॅमेरा दिसला की तो स्वतःच बॅनर झाकला जाणार नाही असा बाजूला उभा राहतो आणि विचारतो, "हिकडं बघू का तिकडं?" त्याच्या झोपडीत घडी न मोडलेल्या ब्लँकेटांची थप्पी आहे. मी म्हटलं, "बाबा, अजून काही लागतं का?" तो म्हणाला, "पानी. एप्रिलात या." याच खालापूर तालुक्यातल्या मोरबे धरणाचं पाणी नवी मुंबईला जातं. पण एप्रिलात कोणी येत नाही. ऊन असतं, आणि पाण्याच्या टँकरचा फोटो चांगला येत नाही.

असल्या दिखाऊ लोकांत राहून मी मात्र वेगळा आहे, हे सिद्ध करायला मी छपराच्या फंडाला गुप्त दान दिलं. दोन हजार एक रुपये, बंद पाकिटात, नाव न लिहिता. सेक्रेटरीभाऊंनी यादी वाचली आणि शेवटी म्हणाले, "एक बंधू, दोन हजार एक." मंडळीत कुजबुज झाली. मी हळूच खाकरलो. कोणी बघितलं नाही. उपासना संपल्यावर चहाच्या वेळी विषय निघाला.

"कोण असेल हो हा बंधू?"

"खरंच, कोण असेल!" मी म्हणालो, आणि असा हसलो की लहान पोरालाही कळावं.

"मला वाटतं, खालापूरचे डॉक्टर."

"छे, डॉक्टर कसले!" मी जरा जोरातच म्हणालो.

"मग तुम्हाला माहीत आहे?"

"माहीत आहे, पण सांगता यायचं नाही. गुप्त दान आहे."

त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर काही बोलले नाहीत, नुसते हसले. त्यांच्यासारखं हसणं मला जमलं नव्हतं. पुढच्या रविवारी डॉक्टरांना पुढचा बाक मिळाला, नाताळच्या कार्यक्रमात त्यांच्या हस्ते दीपप्रज्वलन झालं, आणि महिला मंडळाने त्यांच्याकडे अनारसे पाठवले. मी घरी चिडचिड केली तर बायको म्हणाली, "अहो, तुमचं गुप्त दान नेरळपासून चौकपर्यंत सगळ्यांना तुम्हीच सांगून आलात. उरलेल्यांसाठी लाउडस्पीकर लावू का?"

माझे वडील रेल्वेत होते. ते कर्जतला बँकरवर काम करायचे. भोर घाट १८६३ मध्ये खुला झाला तरी त्याचा चढ काही कमी झालेला नाही. दर ३७ फुटांना एक फूट, म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला कर्जतला मागून आणखी इंजिनं लावतात, त्यांना बँकर म्हणतात. पुढे बसलेला प्रवासी वडा खाऊन झोपतो, लोणावळा येतं, आणि तो म्हणतो, आमच्या गाडीचं इंजिन काय दणकट आहे! मंडळीच्या यादीत नाव यावं म्हणून कोणी भांडलं की वडील म्हणायचे, "बँकरवाल्याला कधी कोणी टाटा केलाय का रे?" हे वाक्य ते दर रविवारी दोन-तीनदा तरी म्हणायचे, आणि ते त्यांचंच वाक्य आहे हे प्रत्येक वेळी आठवणीने सांगायचे.

वार्षिक सभेत या सगळ्याला वाचा फुटली. चर्चमागे बांधायच्या छोट्या हॉलला सर्वांत मोठ्या देणगीदाराचं नाव द्यावं, असा ठराव आला. आमच्यात एक निवृत्त शिक्षिका आहेत. त्या सभेत बोलायला उठल्या की कमिटी पाणी मागवते. त्या म्हणाल्या, "पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शाळा काढली, तिचं नाव शारदा सदन. केडगावला एवढा मोठा आश्रम उभा केला, त्याचं नाव मुक्ती. दोन्हीकडे स्वतःचं नाव नाही आणि देणगीदाराचंही नाही. उलट त्यांना पैसे पाठवायला १८८७ मध्ये बोस्टनला अमेरिकन लोकांनी मंडळ काढलं, त्याला नाव दिलं रमाबाई असोसिएशन. देणाऱ्यांनी घेणारीचं नाव लावलं. आहे का तुमच्यात कोणी असा?"

सभा गप्प झाली. मग कोणीतरी विषय बदलायला म्हणालं, "कवी ना. वा. टिळक आपल्या कर्जतचे. निदान त्यांची तरी पाटी लावू."

"करजगावचे," बाई म्हणाल्या. "रत्नागिरी जिल्ह्यातलं."

"तेवढं एखाद्या अक्षराचं चालतं हो बाई. नगर जिल्ह्यातही एक कर्जत आहे, तिथली पार्सलं आपल्याकडे येतातच की."

"आणि त्यांची पाटी लावताना हेही लिहा, की त्यांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला देवाचा दरबार सुरू केला."

"नोकरी सोडली?" एक सभासद ताडकन उठले. "मग प्रॉव्हिडंट फंडाचं काय केलं?"

टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे, समोर गरजवंत दिसला की देऊन मोकळे. अशा माणसाशी संसार करणं म्हणजे काय, हे लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त हसत हसत सांगून ठेवलंय. आमच्या घरी ते पुस्तक बायकोने वाचलं. मला वाटलं, आता मला काही उपदेश होणार. ती म्हणाली, "तुमच्याबाबतीत ती भीती नाही."

पाळकसाहेबांनी मात्र बाईंचं बोलणं मनावर घेतलं. त्यांनी यादी वाचणं बंद केलं, डबा कपाटात ठेवला, बॅनर गुंडाळला. मंडळी अतिशय प्रभावित झाली. पहिल्या रविवारी सगळे एकमेकांना म्हणाले, असंच पाहिजे, यालाच खरा विश्वास म्हणतात. महिनाअखेर खजिनदारकाकांनी हिशेब काढला तर दान निम्म्यावर आलं होतं. पुढच्या महिन्यात आणखी खाली. वीजबिल थकलं. आता सगळेच पंखे बंद, त्यामुळे सगळीच नावं व्यवस्थित दिसू लागली. वर पत्रे जुने. आमच्याकडे जून ते सप्टेंबर तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, आणि गेल्या पावसाळ्यात तो चर्चच्या आतही बरोबर तेवढाच मोजता आला असता. काकांनी पाळकसाहेबांना विचारलं, "साहेब, यादी वाचून कोरडं बसायचं की न वाचता भिजायचं?"

सभा पुन्हा बसली. एका गटाचं म्हणणं, प्रत्येक पत्र्याच्या आतल्या बाजूला देणाऱ्याचं नाव घालावं, बसल्याजागी मान वर केली की दिसेल. दुसऱ्याचं म्हणणं, नावं अजिबात नकोत. रात्री साडेनऊपर्यंत वाद चालला. खोपोलीवाल्यांनी गाडी चुकणार म्हणून दोन्ही बाजूंनी मतं दिली. शेवटी काकांनी तोड काढली आणि ती कमिटीने एकमताने मंजूर केली. आमच्या हयातीतला हा पहिला एकमताचा ठराव.

तर मंडळी, पावसाला फार दिवस नाहीत. एका पत्र्याची देणगी पंधराशे रुपये. रोख घेऊ, 'पुढच्या रविवारी' चालणार नाही. रंगारी शनिवारी येतो. नाव झकास अक्षरात घालून मिळेल, हवं तर आडनावासकट, पत्र्याच्या वरच्या बाजूला.